मानसिक आरोग्योपचारात सजगतेचे स्थान आणि सामाजिक दृष्टिकोन : नागपूरच्या संदर्भात

प्रस्तावना

नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळचा चौक आजही अनेकांच्या तोंडी ‘पागलखाना चौक’ याच नावाने येतो. याच शहराजवळ माहुरझरी येथे ‘धम्म नाग’ हे विपश्यना केंद्र आहे. मनोरुग्णालयात गेल्याची गोष्ट कुटुंबे सहसा लपवितात. विपश्यनेचे शिबिर केल्याचे मात्र समाधानाने सांगतात. या फरकाचा रुग्णाच्या उपचारांवर प्रत्यक्ष परिणाम होतो. सजगतेचा मानसोपचारात नेमका उपयोग कोणता आणि तिला असलेली सामाजिक प्रतिष्ठा रुग्णाच्या हिताची ठरते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सजगता : संकल्पना

वर्तमान क्षणी शरीरात व मनात जे घडत आहे, त्याकडे बरे-वाईट असा निवाडा न करता हेतुपूर्वक लक्ष देणे म्हणजे सजगता होय. मन विचारशून्य करणे असा तिचा अर्थ नाही. विचार आला की तो आला आहे एवढे ओळखणे आणि त्याच्यामागे वाहवत न जाणे, हा तिचा गाभा आहे.

आज रूढ झालेला ‘माइंडफुलनेस’ हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचे मूळ पाली ‘सति’, म्हणजेच संस्कृत ‘स्मृती’, या शब्दात आहे. अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती ती हीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. त्यामुळे ही परिभाषा विदर्भातील असंख्य घरांना परकी राहिली नाही. पुढे सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने इगतपुरी येथे उभ्या राहिलेल्या धम्मगिरी केंद्रामुळे दहा दिवसांची विपश्यना शिबिरे महाराष्ट्रभर परिचित झाली.

उपचारपद्धतीतील स्थान

सजगतेचा रुग्णालयीन वापर १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. जॉन काबत-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकालीन वेदना व ताण असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार केला. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स व जॉन टीसडेल यांनी त्यास बोधात्मक उपचारपद्धतीची जोड देऊन नैराश्य पुन्हा उद्भवू नये यासाठी स्वतंत्र पद्धती विकसित केली.

या पद्धतीमागील तर्क समजण्यासारखा आहे. नैराश्यातून बरे झालेल्या व्यक्तीलाही अधूनमधून उदास वाटतेच. परंतु पूर्वानुभवामुळे त्या साध्या उदासीतून ‘मी निरुपयोगी आहे’, ‘हे कधीच संपणार नाही’ अशी विचारांची जुनी साखळी सुरू होते. सजगतेच्या सरावाने व्यक्ती ही साखळी आरंभीच ओळखू शकते. विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे तिला अनुभवाने उमगते.

१४५ रुग्णांवरील अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांमध्ये ते पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. दोनच झटके आलेल्यांना मात्र असा लाभ दिसला नाही. २०१५ मधील ४२४ रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात टप्प्याटप्प्याने औषध कमी करीत सजगतेचा सराव करणाऱ्यांची तुलना औषध सुरू ठेवणाऱ्यांशी केली गेली. दोन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण अनुक्रमे ४४ व ४७ टक्के होते. कोणताही पर्याय निर्णायकपणे सरस ठरला नाही. येथे औषध कमी करणे वैद्यकीय देखरेखीखाली होते, ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

मर्यादा

वरील निष्कर्ष बरे झालेल्या रुग्णांविषयीचे आहेत. भ्रम, भास किंवा आत्महत्येचे तीव्र विचार असताना सजगतेचा सराव हा वैद्यकीय उपचारांना पर्याय ठरत नाही. विपश्यना शिबिरांच्या नियमावलीतही ही साधना वैद्यकीय वा मानसोपचारांना पर्याय नसल्याचे आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना तिची शिफारस केली जात नसल्याचे स्पष्ट नमूद आहे. तसेच ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांच्या अभ्यासात सरसकट दिलेल्या सजगता-प्रशिक्षणाचा नेहमीच्या अध्यापनापेक्षा अधिक लाभ आढळला नाही, असे २०२२ मध्ये दिसून आले.

सामाजिक दृष्टिकोन

मानसिक विकाराकडे पाहण्याची समाजाची दृष्टी पूर्वीपासूनच दुहेरी आहे. नागपूरचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातील. १८९२ मध्ये ताजुद्दीन बाबांना वेडे ठरवून तेथे दाखल करण्यात आले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आणले. त्या काळात लोक बाबांच्या दर्शनासाठी त्याच इमारतीकडे जात. बाबांविषयीची श्रद्धा वाढली, तरी तेथील इतर रुग्णांवरील कलंक त्यामुळे पुसला गेला नाही.

आज सजगतेबाबत हेच घडण्याची शक्यता आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसामान्य मनोविकारांबाबत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के आढळले. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास न धजणारी व्यक्ती ध्यानवर्गास सहज जाते. तेथून तिला योग्य उपचारांकडे वळविले गेले, तर सजगतेची प्रतिष्ठा उपकारक ठरते. परंतु ‘औषध बंद कर, ध्यान कर’ असा सल्ला मिळाला, तर उपचारांस होणारा विलंब घातक ठरू शकतो. शिवाय आजारी व्यक्ती बरी झाली नाही की ‘साधनेत कमी पडली’ असा दोष तिच्यावरच येतो आणि जुन्या कलंकात नव्याची भर पडते.

कायद्याने याबाबत स्पष्ट भूमिका घेतली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक व शारीरिक आजारांना समान वागणूक देण्याचे तत्त्व स्वीकारले. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूदही त्यात आहे.

समारोप

सजगता ही उपचारांना पूरक, विशेषतः नैराश्य परतू नये यासाठी उपयुक्त अशी पद्धती आहे. महाविद्यालयांत ध्यानवर्ग अवश्य घ्यावेत; मात्र ते घेणाऱ्या प्राध्यापकाने सहभागी विद्यार्थ्याची झोप, भूक, अभ्यास व वागणुकीतील बदल यांकडे लक्ष ठेवावे. हे बदल टिकून राहिल्यास त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे, चालू औषधांत हस्तक्षेप करू नये आणि ‘टेली मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक सूचनाफलकावर लावावा. विद्यार्थी ध्यानवर्गाबद्दल जितक्या मोकळेपणाने बोलतो, तितक्याच मोकळेपणाने तो मनोरुग्णालयातील उपचारांबद्दल बोलू लागेल, तेव्हाच आपल्या दृष्टिकोनात बदल झाला असे म्हणता येईल.