बुखार उतरला, मग शाळेत पाठवू का?

पावसाळ्यात सकाळी साडेसहाला फोन वाजला की पलीकडून काय विचारले जाणार, हे आम्हाला आधीच ठाऊक असते. "टीचर, रात को बच्चे को बुखार था. सिरप दिया तो उतर गया. आज टेस्ट है ना? भेजूं क्या?" फोन करणारी अम्मी एका हाताने रोटी शेकत असते. मूल बाजूला युनिफॉर्म घालून बसलेले असते आणि त्याच्या खोकल्याचा आवाज फोनमधून आमच्यापर्यंत येत असतो.

आधी अकोल्यात आणि आता अमरावतीत शिकवताना कितीतरी वर्षे आम्ही या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो, "भेज दो, टेस्ट है." ते उत्तर चुकीचे होते, हे कबूल करूनच पुढचे लिहायला हवे.

अकोल्याला असताना एका चाचणीच्या दिवशी असाच एक मुलगा आम्ही बोलावून घेतला. पेपर होईपर्यंत तो नीट बसला. साडेअकराला सिरपचा असर उतरला आणि त्याने बाकावर डोके टेकले. हात लावून पाहिले तर अंग तव्यासारखे तापलेले. घरी फोन केला, पण अब्बू ऑटो घेऊन निघून गेलेले आणि अम्मी कामावर. दुपारपर्यंत तो ऑफिसातल्या बाकड्यावर पडून राहिला. पुढच्या आठवड्यात त्याच्या रांगेतली बरीच मुले आली नाहीत. आम्हीही चार दिवस अंथरुणात होतो. त्या एका पेपरचे गुण पुढे कोणाच्याही लक्षात राहिले नाहीत.

यात सिरपचा काय वाटा आहे तो समजून घेतला पाहिजे. पॅरासिटामॉल ताप खाली आणते, पण विषाणूला काहीच करत नाही. चार-सहा तास मूल बरे दिसते, खेळते, जेवते. त्याच वेळी त्याच्या खोकल्यातून आणि शिंकेतून फ्लूचा विषाणू बाहेर पडतच असतो. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो, आणि लहान मुले त्याहून जास्त दिवस. म्हणून ताप उतरल्याचा हिशेब औषध दिल्यावर करायचा नसतो. औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तरच तो खरोखर उतरला असे समजायचे. पुष्कळ देशांतल्या शाळा आज हाच नियम पालकांना सांगतात. तो पाळायला थर्मामीटर आणि थोडा धीर, एवढेच लागते.

"सिरप दिया तो उतर गया" या वाक्याची आम्हाला धास्ती वाटते, त्यामागे २००९ सालची पुण्याची हकीकत आहे. त्या वर्षी स्वाइन फ्लूची साथ जगभर पसरली आणि भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. केंद्रीय आरोग्य खात्याने तेव्हा दिलेल्या माहितीनुसार २१ जुलैला तिचा घसा दुखू लागला, नाक वाहू लागले, डोके दुखले. डॉक्टरांच्या औषधाने बरे वाटले आणि २३ जुलैला ती शाळेत गेली. २५ तारखेला पुन्हा ताप चढला. त्यानंतर तिला रुग्णालयात दाखल केले, पण ३ ऑगस्टला ती अल्लाहला प्यारी झाली. यात घरच्यांचा दोष काढायचा नाही. त्या दिवसांत आपण सगळ्यांनीच हेच केले असते, आजही करतो. पण मधले ते दोन दिवस, बरे वाटले म्हणून शाळेत जाण्याचे, आमच्या मनातून जात नाहीत.

त्यानंतर पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, मुंबईतल्याही आठवडाभर बंद राहिल्या. त्याच काळात केंद्र सरकारने शाळांसाठी सूचना काढल्या. फ्लूसारखी लक्षणे असलेल्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला सात ते दहा दिवस घरी राहू द्यावे, असे त्यांत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यासाठी शाळेने वैद्यकीय प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये, असेही होते. एवढी शहाणी गोष्ट सरकारी कागदावर फार क्वचित वाचायला मिळते. विचार करा, साथीत दवाखान्यांसमोर रांगा लागलेल्या असतात. अशा वेळी निव्वळ एका चिठ्ठीसाठी तापलेल्या मुलाला दोन तास त्या रांगेत उभे करायचे आणि डॉक्टरची फी भरायची, यात कोणाचे भले आहे? अम्मीने वहीच्या पानावर लिहिलेल्या दोन ओळी पुरे व्हायला हव्यात. तरीही चौथ्या दिवशी आलेल्या मुलाला "सर्टिफिकेट लाया?" म्हणून दारात उभे करणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत. एकेकाळी आम्हीही त्यांच्यातच होतो.

पालकांच्या मनातली मोठी भीती हजेरीची असते. "७५ टक्के नहीं हुए तो?" असे पाचवीच्या मुलाची अम्मीही विचारते. तर हिशेबच करू. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस धरलेले आहेत. ७५ टक्के हजेरीची अट दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेची आहे. दहावीसाठीही २२० दिवस धरले तर ५५ दिवस गैरहजर राहूनही ती अट पूर्ण होते. वर्षात दोनदा फ्लू झाला आणि दोन्ही वेळा मूल आठवडाभर घरी राहिले, तरी ते १४ दिवस होतात. उरलेले ४१ दिवस कुठे जातात, ते आम्हाला पटावर दिसते. शादी, वलीमा, मामूच्या घरचा अकीका, ईदच्या आधीचा बाजार आणि ईदनंतरचे चार दिवस. लग्नासाठी आठ दिवस न विचारता नेणारे घर तापासाठी दोन दिवस मागताना घाबरते, हे आम्हाला कधी उमगले नाही.

अर्थात ही भीती पालकांच्या मनात आम्हीच घातली आहे. २६ जानेवारीला स्टेजवर बोलावून "शंभर टक्के उपस्थिती"चे बक्षीस कोण देते? वर्षभरात एकदाही आजारी न पडणे ही मुलाची कमाई नाही. आणि आजारी असूनही आला म्हणून बक्षीस मिळाले असेल, तर त्याने सोबत काय आणले याचाही हिशेब व्हायला हवा.

फक्त शाळेने नियम बदलून भागणार नाही, कारण आजारी मूल घरी ठेवायचे तर घरी कोण थांबणार? ज्या घरात दादी किंवा नानी आहे तिथे प्रश्न सुटतो, पण ज्येष्ठांना तोच फ्लू जास्त जड जातो, म्हणून मुलाला त्यांच्याच अंथरुणात झोपवू नये. ज्या घरात अम्मी दुसऱ्यांकडे कामाला जाते, तिथे एका दिवसाची मजुरी बुडते. मग काय होते ते हजेरीपटात वाचता येते. दुसरीतला भाऊ गैरहजर, कारण ताप. त्याच तीन दिवसांत सहावीतली बहीण गैरहजर, कारण रिकामे. विचारले तर मान खाली घालून म्हणते, "घर पे काम था." भावाचा ताप गेला की तोही येतो आणि तीही येते, पण तिचा अपूर्णांकाचा धडा मागे राहिलेला असतो. पुढच्या महिन्यात धाकटी आजारी पडते आणि पुन्हा तिचीच पाळी येते. आमच्याकडे याचा पक्का इलाज नाही. एवढेच म्हणतो की ही पाळी घरातल्या सगळ्यांत वाटली जावी. अब्बूंनी एक सकाळ, मोठ्या भावाने एक दुपार, शेजारच्या खालांनी थोडा वेळ. सहावीतल्या मुलीने वर्षभर घरची नर्स होऊ नये.

काही मुले तापातही येतात, कारण शाळेत दुपारी खिचडी मिळते. त्यांना दारातून परत पाठवणे आमच्याने होत नाही. अशा मुलाला आधी जेवू घालावे, वेगळे बसवावे आणि मग घरी पोहोचवावे. नियम पाळताना एवढी माणुसकी शिल्लक ठेवायलाच हवी.

आणखी एक गोष्ट. शाळा बुडवलेले मूल संध्याकाळी मकतबमध्ये आणि ट्यूशनला दिसते. "सुबह बुखार था, अब ठीक है." तिथे तर मुले एका चटईवर खांद्याला खांदा लावून बसतात. हाफिजसाहेबांना विनंती आहे की त्यांनीही अशा मुलाला प्रेमाने घरी पाठवावे. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांमध्ये नेऊ नयेत, या आशयाची पैगंबर मुहम्मद (स.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जनावरांच्या बाबतीत एवढी खबरदारी सांगितली असेल, तर मुलांच्या वर्गाबद्दल वेगळे काय सांगायचे? रमजानचा रोजा फर्ज आहे, तरी आजारी माणसाला तो सोडण्याची सवलत आहे आणि बरे झाल्यावर त्याची कजा आहे. शाळेच्या बाबतीत आपण सवलतही देत नाही आणि कजाचीही सोय करत नाही. बुडलेला धडा भरून देणे हे शिक्षकाचे काम आहे. ते होत नाही, म्हणूनच पालक तापातही मुलाला पाठवतात.

२०२१ साल वऱ्हाडात कोण विसरेल? जवळजवळ दहा महिन्यांनी, २७ जानेवारीला पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले होते. मुले नवे दप्तर घेऊन आली. महिनाही झाला नाही तोच करोना पुन्हा उसळला. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत लॉकडाऊन लागला, अकोल्यातही निर्बंध आले आणि शाळेच्या दाराला पुन्हा कुलूप लागले. शहरांतल्या पहिली ते सातवीच्या मुलांसाठी ते दार उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही अब्बूंसोबत कामावर, त्या घरातल्या मुलांचे त्या काळात काय झाले, ते आम्ही आजही पाचवी-सहावीच्या वाचनात ऐकतो. फ्लू म्हणजे करोना नव्हे, आणि त्या वेळची उसळी शाळांमुळे आली असे आम्ही म्हणत नाही. पण साथ वाढली की सरकारच्या हाती शेवटचा उपाय सगळ्यांचीच शाळा बंद करण्याचा असतो. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लू वाढला तेव्हा पुदुच्चेरीने पहिली ते आठवीच्या शाळा १६ ते २६ मार्च बंद ठेवल्या होत्या. आपल्याकडे तेव्हा दहावीचे पेपर सुरू होते. पाच आजारी मुले पाच दिवस घरी राहणे परवडते. पाचशे मुलांची शाळा बंद होणे, त्यातही आपल्या वस्त्यांतली, परवडत नाही.

घरी ठेवलेल्या मुलाचे काय करायचे? पाणी, पेज, डाळीचे पाणी वरचेवर द्यावे आणि झोपू द्यावे. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टर सांगतील तेवढेच. फ्लूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणू नयेत, कारण त्या विषाणूवर चालत नाहीत. बहुतेक मुले यानेच बरी होतात. पण श्वास जोरात चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले, मूल सुस्त पडून राहिले, खाणे-पिणे सोडले, किंवा एकदा उतरलेला ताप पुन्हा जोरात चढला, तर सकाळची वाट पाहू नये. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय रात्रीही उघडे असते. दमा, हृदयाचा आजार किंवा दुसरा जुना आजार असलेल्या मुलाला तर साध्या तापातही पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या शाळेत यंदा आम्ही काही शिक्षकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे. हजेरीचे बक्षीस बंद करावे. तापामुळे चुकलेली चाचणी आठवड्याभरात पुन्हा घ्यावी. पालकाची चिठ्ठी पुरेशी मानावी. घंटी तासिकेवर काम करणाऱ्या शिक्षकाला ताप आला तर त्याचा पगार कापला जाऊ नये, हाही एक मुद्दा होता, कारण खोकत शिकवणारा शिक्षक आजारी मुलाइतकाच धोक्याचा असतो. पहिल्या तीन गोष्टींवर साहेब "देखते हैं" म्हणाले, चौथीवर हसले. अर्ज मात्र त्यांनी ठेवून घेतला आहे.

वर्गापुरते आम्ही सुरूही केले आहे. प्रत्येक बाकावरच्या मुलांची जोडी ठरवली आहे. एक आजारी पडला तर दुसऱ्याची वही संध्याकाळी त्याच्या दारापर्यंत जाते, आत जात नाही. गेल्या सोमवारी सकाळी फोन आला. तोच प्रश्न, तीच टेस्ट. आम्ही म्हणालो, "मत भेजो. टेस्ट बाद में ले लेंगे." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या अम्मीने विचारले, "सच में, टीचर? नाम तो नहीं कटेगा?"