मेळघाटाने कुणाला घर दिले?

अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत धारणी गाठायची म्हणजे दीडशे किलोमीटरचा घाटरस्ता. सरकारी नोकराला इकडची ऑर्डर निघाली की वऱ्हाडात आजही ‘शिक्षेची बदली’ म्हणतात. मेळघाटाच्या याच डोंगरांकडे दीडशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडची माणसे आपखुशीने आली. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. पण परक्या मुलखात त्यांना घर लाभले का, आणि ते दिले कुणी, हे तपासून पाहिले की आपल्यालाही बरेच शिकण्यासारखे सापडते.

अमेरिकन मिशनरी अल्बर्ट नॉर्टन १८७०च्या दशकात या डोंगरांच्या पायथ्याशी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, आले. जेनी फ्रो ही तरुणी १८७६मध्ये त्यांच्या कामात सामील झाली. पुढे जेनी फुलर झालेल्या या तरुणीने हिंदुस्थानी स्त्रियांच्या हालअपेष्टांवर पुस्तक लिहिले. १९००मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. दरम्यान १८९०मध्ये मेळघाटातल्या कोरकू आदिवासींसाठी खास वेगळे मिशन उभे राहिले.

कोरकूंचे गाव एकदा पाहिले की विसरत नाही. रुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या सरळ रांगा, दारे समोरासमोर. बांबूच्या कुडाच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या. कोण आले, कोण गेले, हे साऱ्या गावाला दिसते. अशा वस्तीत पैशाने जागा मिळेल, आपलेपणा मिळणार नाही. तो मिळवायला आधी त्यांची भाषा यायला हवी, आणि कोरकू ही ना मराठीच्या कुळातली ना गोंडीच्या. मुंडा भाषांचे ते पश्चिमेकडचे शेवटचे टोक. तिचे सोयरे थेट झारखंडात. मिशनरी जॉन ड्रेक यांनी तिचे व्याकरण लिहिले, ते १९०३मध्ये कलकत्त्याला छापले गेले. सजीवांसाठी या भाषेत संस्कृतसारखे द्विवचन आहे. असे बारकावे टिपायचे तर शिकवायला आलेल्याला आधी शिष्य व्हावे लागते. एकच शब्द दहादा विचारायचा, चुकायचे, पुन्हा विचारायचे. ज्या कोरकू बायाबापड्यांनी हे चिकाटीने सांगितले, त्यांनीच परक्याला उंबऱ्याच्या आत घेतले, असे मी मानतो.

तो काळही कठीण होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. १८९१च्या जनगणनेत मेळघाट तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४७ हजार होती. १९०१मध्ये ती ३७ हजारांच्या आत आली. मिशनच्या सेवाकार्यातली एक मोठी खूण आजही परतवाड्याजवळ आहे, ती म्हणजे कोठाऱ्याचे कुष्ठरोग रुग्णालय. ज्यांना स्वतःच्या घरानेच बाहेर काढले, त्यांना तिथे आसरा मिळाला.

तरी या कहाणीची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कोरकूंत माणूस गेल्यावर सिडोलीचा विधी होतो. लाकडी फळीवर सूर्य, चंद्र, घोड्यावरचा स्वार कोरून ती मृताच्या नावाने उभी करतात. त्यानंतरच तो पूर्वजांत सामावला, असे मानतात. जो धर्म बदलेल त्याने या पूर्वजांशी नाते कसे राखायचे? परक्याला आपले घर देताना यजमानाने स्वतःचे गमवावे, हा सौदा न्यायाचा नाही.

या प्रश्नाच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे स्टीफन फुक्स. १९०८मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे जन्मलेले हे कॅथलिक धर्मगुरू १९३४मध्ये भारतात आले. मेळघाटाला लागून असलेल्या निमाडात त्यांनी आधी बलाही समाजाचा अभ्यास केला, पुढे कोरकूंचा. १९८८मध्ये कोरकूंवरचा त्यांचा ग्रंथ आला. कोरकूंचे विधी, देव, नातीगोती समजून घेण्यात त्यांनी आयुष्याची कैक वर्षे घातली. म्हातारपणी प्रकृतीमुळे ते मायदेशी परतले आणि २०००मध्ये तिथेच वारले. मुक्काम हलला, पण त्यांचे जन्मभराचे काम इथल्याच माणसांविषयीचे राहिले.

आणि खुद्द कोरकूंचे काय? व्याघ्र प्रकल्पासाठी बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे उठली. पिके निघाली की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी घाट उतरतात. पाहुण्याला जागा देणारा समाज स्वतःच्याच मुलखात घराला पारखा होतो आहे, आणि त्याला समजून घेण्याची जबाबदारी आता लंडन-अमेरिकेच्या कुणा मिशनरीची नाही, ती आपली आहे. धारणी तालुक्यातल्या बैरागडला जन्म घालवणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली. कुठलाही धर्म न सांगता इथे घर करता येते, याचा तो पुरावा आहे. धारणीला रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने, डॉक्टराने, तलाठ्याने पहिल्या वर्षी कोरकू शिकावी आणि सरकारने ती शिकवण्याची सोय करावी. शिकवायला कोरकू माणसेच नेमावीत, त्यांना त्याचा पगार द्यावा. तेव्हा तरी ‘शिक्षेची बदली’ हा शब्द वऱ्हाडाच्या तोंडून जाईल.