पाळी चुकते तेव्हाच बाळाचं हृदय घडत असतं

पोटातल्या बाळाचं हृदय कसं तयार होतं, ते आज सांगते. आपण नोंदणीला जाईपर्यंत हे काम बरंचसं आटोपलेलं असतं, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं.

सुरुवातीला हृदय म्हणजे दोन बारीक नळ्या. त्या जुळून एक होते आणि गर्भ राहिल्यापासून साधारण 22व्या दिवशी ती धडधडू लागते. हिशोब करा, तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठ दिवस झालेले असतात. रोवणीचे दिवस असले तर कित्येकींच्या ध्यानातही येत नाही. बाळ तेव्हा तांदळाच्या दाण्याहून लहान असतं.

मग नळी लांबते, वाकते, आत भिंती उभ्या राहतात. पाळी चुकल्यापासून दीडेक महिन्यात वर दोन, खाली दोन अशा चार खोल्या तयार! वरच्या खोल्यांमधली एक खिडकी मात्र उघडीच राहते. पोटात बाळाची फुप्फुसं काम करत नाहीत, प्राणवायू वारेतून मिळतो. म्हणून बरंचसं रक्त फुप्फुसांकडे न जाता या खिडकीतून पुढे जातं. जन्मल्यावर बाळ रडलं, फुप्फुसं फुलली, की दाबानं खिडकीचं झाकण लागतं. मला तर याचंच नवल वाटतं.

कधी भिंत पुरती जुळत नाही, त्यालाच आपण हृदयाला छिद्र म्हणतो. हजारात आठ-नऊ बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मदोष असतो. मग घरात सुनेलाच बोल लावतात, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. ग्रहणाचा आणि या भिंतीचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. काही कारणं मात्र माहीत आहेत: आईची वाढलेली साखर, पहिल्या महिन्यांत झालेला रुबेला, फिटची काही औषधं. म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीच साखर तपासा. फिटची गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. रुबेलाची लसही दिवस राहण्याआधीच घ्यायची असते, नंतर चालत नाही.

बाळ दूध पिताना घामाघूम होतं, दमून सोडून देतं, ओठ निळे पडतात, वजन वाढत नाही, तर आशाताईला लगेच सांगा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतं. दोष निघाला तर पुढचे उपचार, गरज पडल्यास ऑपरेशनसुद्धा, मोफत होतं. पथक येईल त्या दिवशी लेकराला घेऊन शेतावर जाऊ नका.