दिवाळीला घरी जायचं तिकीट मिळालं नाही, त्यातून उभी राहिली 'रेडबस': फणींद्र सामा यांच्याकडून काय शिकता येईल?

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून नागपूरला किंवा लातूरला निघालेल्या माणसाला विचारा, ट्रॅव्हल्सचं तिकीट मिळवणं म्हणजे काय असतं. आज निदान मोबाईलवर कुठल्या गाडीत किती जागा आहेत हे दिसतं तरी. वीस वर्षांपूर्वी तेही दिसत नव्हतं. एका एजंटकडून दुसऱ्याकडे फिरायचं आणि "फुल आहे हो" हे ऐकून परत यायचं.

२००५ च्या दिवाळीत बेंगळुरूमध्ये नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या तरुण इंजिनिअरवर हीच वेळ आली. घर निजामाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या तेलंगणात. हैदराबादच्या बसचं तिकीट काही मिळालं नाही. सोबत राहणारे मित्र आपापल्या गावी गेले आणि फणींद्र बेंगळुरूतच राहिले.

असं दरवर्षी हजारो लोकांचं होतं. आपण चार शिव्या घालतो आणि विसरून जातो. फणींद्र यांनी मात्र एक प्रश्न धरून ठेवला : त्या रात्री हैदराबादला निघालेल्या सगळ्या बसेस खरोखरच भरलेल्या होत्या का?

घोळ नेमका कुठे होता?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी ते एजंटांना आणि बसमालकांना भेटले. तेव्हा जे समोर आलं, तोच पुढच्या व्यवसायाचा पाया ठरला.

त्या काळी बसच्या जागांचा हिशोब कागदी चार्टवर असायचा आणि तो चार्ट बसमालकाच्या ऑफिसात. शहरभर पसरलेले एजंट फोन करून जागा विचारायचे. मालक काही जागा आधीच एजंटांना वाटून द्यायचे. कुठल्याही एजंटचा संबंध ठराविक बस कंपन्यांशीच असायचा. त्यामुळे "फुल आहे" याचा खरा अर्थ "माझ्याकडे नाही" एवढाच होता. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एजंटकडे जागा असू शकायची. म्हणजे एकीकडे प्रवासी तिकिटाविना परत जायचा आणि दुसरीकडे बस रिकाम्या सीट घेऊन निघायची.

परतीच्या तिकिटाची तर आणखी पंचाईत. बेंगळुरूच्या एजंटकडे हैदराबादहून सुटणाऱ्या बसचा चार्ट कुठून असणार?

थोडक्यात, अडचण निव्वळ बसेस कमी असण्याची नव्हती. माहिती एका ठिकाणी नव्हती, ही खरी अडचण होती.

पहिली सवय : आधी विचारा, मग बनवा

फणींद्र आणि 'बिट्स पिलानी'मधले त्यांचे मित्र सुधाकर पसुपुनुरी व चरण पद्मराजू हे तिघे या कामात उतरले. गंमत म्हणजे ते सॉफ्टवेअरवाले नव्हते, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं होतं. प्रोग्रामिंग त्यांना शिकून घ्यावं लागलं. भांडवल होतं साधारण ५ लाख रुपये, तेही स्वतःच्या बचतीतलं.

सुरुवातीची कल्पना आजच्या 'रेडबस'पेक्षा वेगळी होती. बसमालकांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं आणि ते देऊन टाकायचं, म्हणजे सगळे चार्ट संगणकावर येतील, असा साधा हिशोब. पण मालकांनी त्यात रस दाखवला नाही.

फुकटची वस्तू कोणी का नाकारेल? मालकाच्या बाजूने बघा. वहीत त्याचं काम चाललेलं आहे. संगणक घ्यायचा, माणूस शिकवायचा, आपला हिशोब बाहेरच्यांच्या हाती द्यायचा आणि त्या बदल्यात मिळणार काय? जागा जास्त विकल्या जातील याची खात्री कोण देणार?

इथे बरेच जण ग्राहकाला दोष देतात : "लोकांना कळतच नाही." या तिघांनी आपली योजना बदलली. मालकाला सॉफ्टवेअर नको असेल, पण विकलं गेलेलं तिकीट कुणाला नको असतं? मग आपणच तिकिटं विकायची आणि त्यावर कमिशन घ्यायचं. ऑगस्ट २००६ मध्ये 'रेडबस' सुरू झाली ती अशी.

दुसरी सवय : विश्वास एकेका सीटने कमवा

ओळख ना पाळख, अशा पोरांच्या हाती पूर्ण बस कोण देणार? सुरुवातीला विकायला मिळाल्या त्या मोजक्याच जागा. तेवढ्या विकून दाखवल्या की पुढच्या मिळायच्या.

दुसऱ्या बाजूला प्रवाशाचा विश्वास. २००६ मध्ये इंटरनेटवर पैसे भरून रात्री अकरा वाजता रस्त्याच्या कडेला बसची वाट बघणं, ही साधी गोष्ट नव्हती. बस आलीच नाही तर? ड्रायव्हर म्हणाला "तुमचं नाव नाही" तर? असा एक अनुभव आला की तो माणूस दहा जणांना सांगणार. त्यामुळे वेबसाईट किती देखणी आहे यापेक्षा सांगितलेल्या थांब्यावर, सांगितलेल्या वेळी, तीच सीट मिळते का, याला जास्त महत्त्व होतं. ऑनलाईन धंद्यातलं निम्मं काम स्क्रीनच्या बाहेर असतं, ते असं.

पुढे धंदा वाढल्यावर तिकीट मोबाईलवर येऊ लागलं आणि प्रवासी बसला गुण देऊ लागले. सुरुवातीला नाकारलेलं सॉफ्टवेअरही बसमालकांनी नंतर स्वीकारलं. वस्तू तीच होती, पण आता तिकिटं विकून दाखवलेली होती.

तिसरी सवय : जाणत्या माणसांना वेळेवर गाठा

तिघांनाही धंद्याचा अनुभव नव्हता. त्यांनी ते लपवलं नाही. उद्योजकांच्या 'टाय' या संस्थेच्या मार्गदर्शन उपक्रमात ते दाखल झाले. तिथल्या अनुभवी मंडळींनी त्यांना बाजार किती मोठा आहे, पैसा कुठून येणार, कोण काय काम करणार, असे प्रश्न विचारून तयार केलं. २००७ मध्ये 'सीडफंड'ने गुंतवणूक केली. नंतर 'इन्व्हेंटस' आणि 'हेलिऑन' हेही आले.

क्रम लक्षात घ्या. आधी अडचण समजली, मग तिकिटं विकली गेली आणि त्यानंतर बाहेरचे पैसे आले. आपल्याकडे अनेकदा हा क्रम उलटा होतो : आधी ऑफिस, लोगो आणि व्हिजिटिंग कार्ड, आणि ग्राहक मात्र शेवटी.

विक्री झाली, पण एक धडा राहिला

जून २०१३ मध्ये 'आयबिबो' समूहाने 'रेडबस' विकत घेतली. माध्यमांमध्ये हा आकडा ६०० ते ८०० कोटी रुपयांच्या दरम्यान सांगितला गेला. पुढच्या वर्षी फणींद्र कंपनीतून बाहेर पडले आणि २०१८ मध्ये तेलंगणा सरकारचे मुख्य नवोन्मेष अधिकारी झाले.

या विक्रीला एक कडू बाजूही होती. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर पर्यायांवरून काही जणांची नाराजी तेव्हा बातम्यांमध्ये आली. त्यातून घेण्यासारखं एवढंच : कंपनी छोटी असताना "पुढे बघू" म्हणून दिलेला शब्द कंपनी मोठी झाल्यावर हिशोबाला येतो. कुणाला काय, कधी आणि कुठल्या अटींवर मिळणार हे पहिल्याच दिवशी कागदावर हवं, आणि ते समोरच्याला नीट समजलेलंही हवं. मित्रांसोबत धंदा करणाऱ्यांनी तर हे नक्कीच करावं.

मग दिवाळीचा प्रश्न सुटला का?

अर्धाच. जागा शोधण्याची वणवण संपली, पण सणासुदीचे भाडे काही कमी झाले नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सरकारने खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा घातली. तरीही दर दिवाळीला जादा भाड्याच्या तक्रारी येतातच. कुठली बस किती पैसे घेते हे ॲप दाखवतं. ती घेते ते योग्य की अयोग्य, हे बघणं सरकारी यंत्रणेचं काम आहे.

हाही एक धडाच म्हणायला हवा. ऑनलाईन व्यवसाय एखादी अडचण नीट सोडवू शकतो, सगळ्या नाही. तुम्हीही काही सुरू करायच्या विचारात असाल, तर ॲप बनवणाऱ्याला फोन करण्याआधी ज्यांची अडचण आहे अशा दहा जणांना भेटा. आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं आहे अशा दहा जणांनाही. त्यांच्यापैकी कोणी "नको" म्हणालं, तर "का नको" हे विचारूनच उठा.