छंदाची रायफल : ताकद नव्हे, नेम महत्त्वाचा

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. त्याआधी २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता ठरला होता. अशा यशाच्या बातम्या वाचल्या, की आपणही रायफल हाती घ्यावी, सुटीच्या दिवशी कागदी लक्ष्यावर नेम धरावा, अशी इच्छा अनेकांच्या मनात जागी होते. मात्र दुकानात पाऊल ठेवताच ओठांवर येणारा प्रश्न ‘हिची ताकद किती?’ हा असतो. छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्यासाठी खरे तर हाच प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा आहे.

दोन रायफली, दोन वाटा

या दोन्ही पदकांमागच्या रायफली मुळातच भिन्न आहेत. कुसाळेची रायफल .२२ या व्यासाची, म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटरची. तिच्या काडतुसात दारू असते. सुमारे २.६ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेग घेते आणि मोकळ्या जागेत दीड किलोमीटरपर्यंतही पोहोचू शकते. कायद्याच्या भाषेत ते अग्निशस्त्र आहे. त्यासाठी परवाना लागतो, त्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि काडतुसांचाही हिशेब ठेवावा लागतो. खेळाडूंसाठी काही सवलती असल्या, तरी केवळ हौस म्हणून रायफल हवी असलेल्याने या वाटेने सुरुवात करण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट हवेच्या दाबावर चालणाऱ्या एअर रायफलची. शस्त्र नियम, २०१६ नुसार .१७७ इंच, अर्थात ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यास आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. यांपैकी एकही मर्यादा ओलांडली, तर परवाना आवश्यक ठरतो. येथे एक गल्लत हमखास होते. .२२ व्यासाची एअर रायफलही मिळते. तिच्यात दारूचा अंशही नसतो, पण व्यास मोठा असल्यामुळे तिलाही परवाना लागतो. त्यामुळे खरेदीपूर्वी व्यास आणि ऊर्जा हे दोन्ही आकडे लेखी पाहून घ्यावेत. पावती तर जपून ठेवावीच.

आकडा काय सांगतो?

ऑलिम्पिक दर्जाच्या १० मीटर एअर रायफलीतून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास भरते, म्हणजे विनापरवाना मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि एवढ्याशा ऊर्जेवर नेमबाज तो वारंवार टिपतात. कागदाला भोक पाडायला बळ लागत नाही, प्रत्येक छर्रा त्याच जागी पोहोचावा लागतो. उलट रायफल जितकी जोरकस, तितका तिचा धक्का अधिक आणि नवख्या हातांना ती आवरणे तितके कठीण.

यंत्रणा कोणती?

नवशिक्यांसाठी प्रामुख्याने दोन प्रकार असतात. पहिला स्प्रिंगचा. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा भरायचा, नळी बंद करायची. हा प्रकार स्वस्त आणि देखभालीला सोपा. मात्र छर्रा नळीत असतानाच दट्ट्या पुढे झेपावतो आणि रायफल मागे-पुढे हिसका देते. त्यामुळे ती घट्ट आवळून न धरता, दरवेळी सारख्याच हलक्या पकडीत ठेवावी लागते. हिच्यावर दुर्बीण बसवायची असेल, तर हा दुहेरी हिसका सोसणारीच घ्यावी. छर्रा न भरता चाप ओढल्यास दट्ट्या आपटून यंत्रणा बिघडते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार आधीच दाबून भरलेल्या हवेचा, अर्थात पीसीपी. यात हिसका जवळजवळ नसतो आणि नेम लवकर साधतो. पण रायफलीची किंमत अधिक, शिवाय हवा भरण्यासाठी उच्च दाबाचा पंप किंवा सिलिंडर हा वेगळा खर्च. आवड टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर चांगल्या बनावटीची, मध्यम ताकदीची स्प्रिंग रायफल पुरेशी ठरते.

अंगाला बसते का?

कपड्याप्रमाणे रायफलही अंगाला बसावी लागते. दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवून पाहावे. तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर आले, तर लांबी योग्य. गाल दस्त्यावर टेकल्यावर डोळा आपोआप माशीच्या रेषेत यायला हवा, मान वाकडी करावी लागू नये. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंतची रायफल चालते, परंतु किशोरवयीन मुलाच्या हाती इतके वजन देणे अयोग्य. कोणता डोळा प्रबळ आहे, हेही आधी तपासावे. उजवखोऱ्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असणे मुळीच दुर्मीळ नाही.

चाप गुळगुळीत आणि ओढताना दरवेळी सारखाच जाणवणारा असावा. शक्य असल्यास टेकूवर ठेवून एकाच छर्ऱ्याचे पाच नेम कागदावर मारून पाहावेत. ते मध्यभागी लागले नाहीत तरी चालेल, कारण ती दुरुस्ती माशी हलवून करता येते. ते एकमेकांजवळ लागले का, हे महत्त्वाचे. प्रत्येक नळीला एखादा विशिष्ट छर्रा मानवतो, म्हणून दोन-तीन प्रकार वापरून बघावेत. कागदी लक्ष्यासाठी चपट्या तोंडाचा छर्रा उत्तम, त्याने भोक स्वच्छ पडते आणि गुण नीट मोजता येतात.

खेळणे नव्हे

परवाना लागत नाही, याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. चार-आठ ज्यूलचा छर्राही डोळा कायमचा निकामी करू शकतो. सोसायटीची गच्ची किंवा बाल्कनी ही नेमबाजीची जागा नाही. लक्ष्यामागे छर्रा अडवणारी पेटी हवी. दगड वा सिमेंटच्या भिंतीवरून तो उलटू शकतो. डोळ्यांवर चष्मा असावा, शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुवावेत आणि रायफल कुलूपबंद ठेवावी. पक्ष्यांवर नेम धरणे हे क्रौर्य तर आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाही ठरू शकतो.

म्हणूनच खरेदीआधी काही दिवस प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करणे शहाणपणाचे. मुंबईत वरळी, पुण्यात बालेवाडी, कोल्हापुरात दुधाळी अशी नेमबाजीची केंद्रे राज्यात आहेत. तेथे निरनिराळ्या रायफली हाताळून पाहिल्यावर आपल्याला काय हवे, हे आपोआप उमगते. मग दुकानात ताकदीचा प्रश्न विचारावासाच वाटत नाही.