नको झालेला इंडेक्स कोण काढणार?

क्वेरी रेंगाळली की डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएचा पहिला प्रश्न असतो, "इंडेक्स आहे का?" कोट्यवधी ओळींच्या टेबलात एक ग्राहक शोधायचा, तर इंडेक्सविना सगळं टेबल पहिल्यापासून चाळावं लागतं. इंडेक्स असला की बी-ट्री मदतीला येतो. 1970च्या सुमारास रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी बोईंगच्या प्रयोगशाळेत बसवलेली ही रचना. तिच्या प्रत्येक पानातून 500 फांद्या फुटतात असं धरलं, तर तीन पायऱ्यांत साडेबारा कोटी नोंदींपैकी हवी ती हाती लागते.

मग सगळ्याच कॉलमांवर इंडेक्स का लावू नयेत? दहा इंडेक्स असले तर नवी ओळ टेबलासकट अकरा ठिकाणी लिहावी लागते, म्हणून. त्यात कॉलमांचा क्रमही आडवा येतो. आडनाव-नाव असा इंडेक्स कुलकर्णी चटकन काढून देतो, नुसती स्मिता शोधायला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. 20 कॉलमांच्या टेबलावर एक ते तीन कॉलमांचे 7,240 वेगवेगळे इंडेक्स होऊ शकतात. त्यांतले नेमके कुठले लावायचे, हे कोडं गणिती दृष्टीनेच अवघड असल्याचं डग्लस कोमर यांनी 1978 मध्ये दाखवलं.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या सुरजित चौधुरी आणि विवेक नरसय्या यांनी नव्वदच्या दशकात यावर एक देखणी युक्ती काढली. इंडेक्स बांधायचाच नाही. तो आहे असं समजून क्वेरीला किती खर्च येईल, हे डेटाबेसच्या ऑप्टिमायझरलाच विचारायचं. पोस्टग्रेसमध्ये 'हायपोपीजी' हे एक्स्टेन्शन आज हेच करतं. पण ऑप्टिमायझरचा खर्च हा शेवटी अंदाज, आणि तो चुकतो. म्हणून ओरॅकलने 2019 च्या '19सी' आवृत्तीत खबरदारी घेतली. दर पंधरा मिनिटांनी एक काम चालतं, होतकरू इंडेक्स अदृश्य ठेवून बांधतं, क्वेरी खरोखर चालवून पाहतं आणि फायदा दिसला तरच तो दृश्य करतं. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेत इंडेक्स आधी लागतो. काम मंदावलं तर तो मागे घेतला जातो.

लावण्याचा प्रश्न असा बऱ्यापैकी सुटला. खरी मेख आहे ती काढण्यात. निरुपयोगी इंडेक्स रोज थोडंथोडं खातो आणि कुणी तक्रार करत नाही. कामाचा काढला, तर त्याच दिवशी बोंब. साहजिकच माणसं काढायला धजत नाहीत.

यंत्राची पंचाईत वेगळीच. वर्षभर न हललेला इंडेक्स 31 मार्चच्या ताळेबंदाला लागत असेल, हे त्याने कसं ओळखावं? अझूरमधली काढण्याची सोय चालू केली, तर 90 दिवस न वापरलेला इंडेक्स ती काढण्याजोगा समजते. ओरॅकलची मुदत 373 दिवस. वर्षाच्या डोक्यावर हे आठ दिवस वार्षिक कामांसाठीच ठेवले असावेत, असा माझा तर्क. आणि ही मुदत त्याने स्वतः लावलेल्या इंडेक्सपुरती. माणसांनी लावलेल्यांना तो आपण होऊन हात लावत नाही.

वापराचे आकडेही फसवतात. एकच आधार क्रमांक दोनदा शिरू न देणारा युनिक इंडेक्स शोधासाठी कधीच वापरला गेला नाही, तर पोस्टग्रेसच्या आकडेवारीत त्याच्यापुढे शून्य दिसतं, तरी राखण तो रोज करतोच. मुख्य सर्व्हरवर शून्य दिसणारा इंडेक्स रिपोर्टांसाठी ठेवलेल्या रेप्लिकावर राबत असू शकतो, कारण दोन्हीकडची मोजणी वेगळी.

ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये इंडेक्स न काढता अदृश्य करता येतो. मग क्वेरींना तो दिसत नाही, पण मागे अद्ययावत राहतो. गडबड झालीच तर एका आज्ञेत परत येतो. लिहिण्याचा खर्च तेवढे महिने सोसावा लागतो. मी तो मार्च उलटेपर्यंत खुशाल सोसेन.