वारा सोडणारी, लहरी धरणारी जाळी

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. एवढ्या मोठ्या तबकडीला भरीव पत्रा लावला, तर वाऱ्याचा दाब पेलायला अवजड आणि महागडा सांगाडा लागतो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा खरोखर विलक्षण आहे. ताणलेल्या पोलादी दोरांवर त्यांनी बारीक तारेची जाळी बसवली. तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, छिद्रे १० ते २० मिलिमीटरची. वारा त्यांतून निघून जातो. इथे टिपल्या जाणाऱ्या रेडिओलहरींची लांबी मात्र २० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असते. तिच्यापुढे छिद्र नगण्य ठरते आणि जाळी लहरींसाठी आरसाच बनते.

ही दुर्बीण संदेशवहनाच्याही कामी आली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापरेल्ली यान मंगळावर उतरत असताना त्याचा सुमारे ४०१ मेगाहर्ट्‌झचा संकेत खोडदला थेट मिळाला. नियोजित वेळेच्या थोडे आधी तो तुटला. यान आदळल्याचे पुढे स्पष्ट झाले. मुळात हा क्षीण संकेत मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हे. अनेक तबकड्यांनी टिपलेले संकेत प्रकाशतंतूंवरून एकत्र आणून जुळवल्यामुळेच तो हाती लागला.